वास येईनासा होतो तेव्हा

तिला सगळे नाकवाली म्हणत. तिचं नाक मोठं होतं असं नव्हे; जरा बसकंच होतं. पण त्या नाकाने तिला लहानपणापासून सळो की पळो करून सोडलं होतं. दूध नासणार हे तिला आदल्या दिवशी कळायचं. पलीकडच्या खोलीत कुणी पायमोजे काढले की ही इकडे ताटावरून उठायची. एखादी आत्या मायेने जवळ घ्यायची तेव्हा ही श्वास कोंडून उभी, कारण आत्याची एक दाढ आतून कुजत होती आणि ते आत्यालाही अजून माहीत नव्हतं. आई वैतागून म्हणायची, "कार्टीच्या नाकात कुत्रं बसलंय." शाळेत, बाजारात, चार माणसांत कायम तोंडावर रुमाल. लोकांना वाटायचं, पोरगी शिष्ट आहे, नाकावर माशी बसू देत नाही. नाक मुरडणं हा हिचा तोरा नसून नाइलाज आहे, हे कुणाकुणाला पटवत बसणार?

आणि अशा बाईची गाठ पडली ती हाडं उकळण्याच्या कारखान्यातल्या माणसाशी.

लग्न जुळवताना मावशीने सांगितलं होतं, "मुलगा साबणाच्या धंद्यात आहे." तसं ते खोटं नव्हतं. साबणाला चरबी लागते, आणि चरबी तिथे निघायची. पण त्याच्या आधी काय काय असतं ते मावशीने सांगितलं नाही. ट्रक भरभरून हाडं यायची, आतडी यायची, खूर, कातड्याचे तुकडे, कालपरवाचं सगळं, उन्हात तापलेलं, माश्यांनी काळं झालेलं. ते मोठमोठ्या कढयांत रटरट शिजायचं. वर तरंगणारी चरबी एकीकडे जायची, खालचा चोथा वाळवून, दळून कोंबड्यांच्या खाद्यात जायचा, आणि उरलेलं तपकिरी, चिकट पाणी मागच्या अंगाला एका खोल, झाकण घातलेल्या हौदात जाऊन पडायचं. तिचा नवरा तिथला मुकादम होता.

लग्नानंतर एकदाच ती त्याचा डबा घेऊन कारखान्यात गेली. फाटकाशी पोचायच्या आधीच तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं. हवा नुसती घाण नव्हती, ती ओशट होती. ओठांवर बसत होती, जिभेला लागत होती. भिंतींवर, दारांच्या कड्यांवर, माणसांच्या भुवयांवर तिचा एक पातळ थर होता. तिने डबा पहारेकऱ्याच्या हातात कोंबला आणि गटाराच्या कडेला बसून पोटातलं सगळं ओकून टाकलं.

नवरा माणूस म्हणून वाईट नव्हता. हसतमुख, आवाज मोठा, खाण्यावर जीव. घरी आला की आधी न्हाणीघरात जायचा, अंग घासघासून लाल करायचा. पण वरून साबणाचा वास आणि साबणाखाली तो कारखान्याचा. कानांच्या पाळ्यांमागे, नखांच्या कडांना, घाम फुटला की घामात. तो शेजारी झोपला की ती भिंतीकडे तोंड करायची आणि उशीत नाक खुपसायची. त्याला ते कळायचं. पहिले काही महिने तो दुखावला, मग चेष्टा करू लागला.

"सवय होईल गं," तो म्हणायचा. "मला बघ ना. पहिल्या आठवड्यात मीसुद्धा कोपऱ्यात जाऊन ओकायचो. आता कढईशेजारी उभा राहून उकडलेलं अंडं खातो. मला तिथे वास येतच नाही."

हे तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, पदक मिळाल्यासारखं. आणि तिच्या डोळ्यांसमोर ते अंडं यायचं, त्या हवेत सोललेलं, पांढरं, त्यावर उठलेले त्याच्या बोटांचे ठसे. तिने घरात अंडी उकडणं बंद केलं.

कारखान्याच्या आसपास वस्ती वाढली तशा दुर्गंधीच्या तक्रारी वाढल्या. मालक म्हणायचे, एवढा काही वास नाही; वस्ती म्हणायची, जगणं मुश्कील झालंय. कोण खरं, हे ठरवायचं कसं? म्हणून नगरपालिकेने वास मोजायची एक प्रयोगशाळा काढली आणि तिथे माणसांची नाकं हवी आहेत अशी जाहिरात दिली. नाकवालीने अर्ज केला. नवरा पोट धरून हसला. "आता घाण हुंगायचा पगार घेणार तू! आम्ही काय पाप केलं होतं? घरबसल्या हुंग म्हटलं तर पाठ फिरवायचीस."

पण ती निवडली गेली. निवडताना तिथल्या मुख्य बाई, ज्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, जरा साशंक होत्या. फार तीक्ष्ण नाकही त्यांना नको असे, कारण मोजायचं होतं ते सर्वसाधारण माणसाला काय जाणवतं ते. नाकवाली त्यांच्या चौकटीच्या वरच्या काठावर जेमतेम बसली.

तिथलं काम ऐकायला सोपं होतं. गटारांच्या तोंडांवरून, चामड्याच्या कारखान्यांतून, कचऱ्याच्या डोंगरांवरून पिशव्यांत भरून हवा यायची. बिनवासाच्या एका खोलीत यंत्रापुढे तिच्यासारखेच निवडलेले पाच-सहा जण बसायचे. यंत्र त्या हवेचा एक थेंबभर अंश स्वच्छ हवेत मिसळायचं. प्रत्येकापुढे तीन नळ्या. एकीतून घाण, उरलेल्या दोन्हींतून कोरी हवा. कुठली घाण ते ओळखायचं. आधी इतकी पातळ की कुणालाच काही कळायचं नाही. मग दुप्पट, मग त्याच्या दुप्पट. नाकवालीचं बोट सगळ्यांत आधी वर व्हायचं. तिच्यामागून न्हावी, मग निवृत्त शिक्षिका, आणि सर्वांत शेवटी ट्रकचालक, ज्याचं नाक विड्या ओढून ओढून जळालं होतं. ज्या मात्रेला निम्म्या नाकांना वास लागतो, त्यावरून त्या घाणीची मोजणी.

"आणि मी आधी ओळखते त्याचं काय?" तिने एकदा विचारलं. "माझं चुकतं का?"

"तुझंही बरोबर, ट्रकचालकाचंही बरोबर," थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांना शिकवायची हौस होती. त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली. आधी जमिनीला चिकटून सरपटणारी, मग एकदम उभी चढणारी, मग वर जाऊन पुन्हा आडवी होणारी. "इकडे मात्रा वाढत जाते. इकडे किती जणांना कळलं ते. खाली काही वेळ कुणालाच काही होत नाही. मग एखाद्याला होतं, तुझ्यासारखीला. मग भराभर बहुतेकांना. आणि शेवटी राहिलेले एकदोन दगडही पाझरतात. ही रेघ वासाची आहे, तशीच औषधाची आहे आणि तशीच विषाचीही. एखादी वस्तू विष आहे का, असं विचारणं अर्धवट आहे. किती? किती वेळ? कुणाला? हे तीन प्रश्न लावल्याशिवाय उत्तर नाही. मीठसुद्धा मूठभर गिळलंस तर मरशील."

मग त्यांनी कागदाची एक पट्टी तिच्या नाकाशी धरली. जाईच्या फुलांचा मंद, गोड वास आला. "छान आहे," ती म्हणाली. बाईंनी तीच वस्तू जिच्यात होती त्या बाटलीचं बूच काढलं, आणि नाकवाली खुर्चीसकट मागे सरकली. तुंबलेल्या संडासाचा वास होता तो.

"वस्तू एकच," बाई म्हणाल्या. "किंचित असली की फूल. जास्त झाली की संडास."

ज्ञान म्हणून ते चांगलंच होतं, पण नाकवालीला त्याची शिसारी बसली. घरी जाऊन तिने फुलांच्या वासाचं तेल मोरीत ओतून दिलं. त्या दिवसापासून कुणाच्या अंगावर अत्तर आलं की तिला त्याच्या तळाशी दुसरंच काही दिसायचं.

एके दिवशी तिच्या नवऱ्याच्या कारखान्यातून पिशव्या आल्या. धुराड्यावरची एक, फाटकावरची एक, आणि मागच्या हौदाचं झाकण किलकिलं करून घेतलेली एक. ती तिसरी पिशवी थोरल्या बाईंनी आधी मोजयंत्राला लावली, आकडा पाहिला आणि पिशवी घट्ट बांधून बाजूला ठेवली.

"ही कुणाच्याही नाकाला लावायची नाही."

"का हो, बाई?"

"नासक्या अंड्याचा वायू आहे. हाडामांसाचं पाणी साचून सडलं की होतो. आपल्या पोटातही रोज किंचित होतो, त्याने काही बिघडत नाही. हवेत कणभर असला तरी घाण येते. तेव्हा माणूस नाक दाबून पळतो, वाचतो. वाढला की डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. आणि खूप वाढला की वास जातो."

"जातो म्हणजे? वायू जातो?"

"वायू तिथेच. वास जातो. नाकाच्या नसा बधिर होतात. माणसाला वाटतं, चला, हवा सुटली, बरं झालं. आणि तिथून थोडंच पुढे गेलं की दोन-चार श्वासांत माणूस आडवा. मधलं अंतर फार नाही."

घाण ही नाकवालीची आयुष्यभराची वैरीण. पण तीच पहारेकरीण होती, आणि सगळ्यांत वाईट जागी ती गप्प बसत होती. "मग कारखान्याला सांगायला नको?"

"कळवलंय मी वर," बाई म्हणाल्या. "आपलं खातं दुर्गंधीचं. कामगारांच्या जिवाचं खातं वेगळं आहे. ते बघतील." आणि त्या पुढची पिशवी लावायला उठल्या. इतक्या हुशार बाई, पण ते वाक्य नाकवालीला धुतलेल्या भांड्याला उरलेल्या खरकट्यासारखं लागलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला जेवताना सगळं सांगितलं. वायू, वास, वास जाणं.

"म्हणजे घाण आली तरी वाईट, नाही आली तरी वाईट," तो घास चघळत म्हणाला. "मग माणसाने करायचं काय? श्वास घेणं सोडायचं?"

"मोजायचं. यंत्र येतं त्याचं, खिशाला लावायचं. नाकावर भरवसा ठेवायचा नाही."

"माझ्या नाकाला सवय झाली आहे. लंबूच्याही. आम्ही रोज थोडा थोडा घेतो, अंगात मुरलाय तो आमच्या."

"सवय नाकाला झाली, फुप्फुसांना नाही. हा अंगात मुरत नाही हो. आजचा आज निघून जातो. रोज थोडा घेतला म्हणून एके दिवशी भरपूर घ्यायची ताकद येत नाही."

"बरं बाई, बरं," तो म्हणाला आणि भात वाढून घेतला. दाढेत अडकलेला शितकण जिभेने काढत त्याने विषय बदलला. तिला त्या आवाजाचाही राग आला. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

लंबू म्हणजे त्याच्या हाताखालचा कामगार. उंचच उंच, वाकून चालणारा, भिडस्त. कधी घरी आला तर उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा. "वहिनी, मी आत नाही येत, तुम्हाला त्रास होतो," असं म्हणणारा त्या कारखान्यातला तो एकटा. त्याने तसं म्हटलं की हिलाच ओशाळं वाटायचं, आणि तरीही ती त्याला आत ये म्हणायची नाही.

ऐन उन्हाळ्यात हौदाचा पंप तुंबला. गाळ बसून पाणी वर चढलं, अंगणात वाहू लागलं. मॅनेजरने मुकादमाला बोलावून सांगितलं, आजच्या आज मोकळा कर. झाकण काढलं तेव्हा असा भपकारा आला की कढयांपाशी सवयीने वावरणारी माणसंही लांब पळाली. थोडा वेळ झाकण उघडं ठेवलं. मग मुकादम हौदाच्या काठावर ओणवा झाला, तोंड आत घालून त्याने दोनदा हुंगलं.

"वास गेला," तो म्हणाला. "उतर रे."

लंबू शिडीने उतरला. त्याने गज घालून गाळ ढवळला. गाळातून बुडबुडे आले, मोठे, संथ. लंबूने वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तो इतका उंच माणूस घडी घातलेल्या चादरीसारखा खाली बसला. दुसरा एक कामगार त्याच्यामागे उडी घ्यायला निघाला, तेव्हा मुकादमाने त्याची कॉलर पकडून त्याला मागे फेकलं. तेवढं एक त्याने केलं, आणि त्याने तो माणूस वाचला. मग मुकादम स्वतः काठावर पालथा पडून लंबूला हाका मारत राहिला. हाका मारता मारता त्याचीही शुद्ध हरपली. बाकीच्यांनी त्याचे पाय धरून त्याला ओढून काढलं. मुखवटे लावलेल्या बंबवाल्यांनी लंबूला वर आणलं तेव्हा त्याच्यात काही राहिलं नव्हतं.

नाकवाली इस्पितळात पोचली. नवरा खाटेवर होता, तोंडावर प्राणवायूची नळी, डोळे लाल, पण जिवंत. खाटेखाली त्याच्या कपड्यांचं गाठोडं पडलं होतं आणि त्यातून नासक्या अंड्यांचा तो वास पाझरत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण नाक धरत होता.

बाहेरच्या बाकावर लंबूची बायको बसली होती. तिच्या तळहातावर एक अंगठी होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ही यांच्या बोटातली, चांदीची होती हो. सकाळी पांढरी स्वच्छ होती. ही काळी कशी पडली?"

नाकवालीला उत्तर ठाऊक होतं. त्या वायूने चांदी काळी पडते, थोरल्या बाईंनी तेही शिकवलं होतं. पण ती नुसती शेजारी बसून राहिली.

नवरा चार दिवसांनी घरी आला. डोकं ठणकत होतं, चालताना तोल जात होता, पण सावरला. चौकशी अधिकारी कारखान्यात आला तेव्हा याला जबाबाला बोलावलं. तो परत आला तो जरा हुशारीत. हातपाय धुतले, ताटावर बसला आणि म्हणाला, "झालं एकदाचं. मी सरळ सांगितलं. साहेब, वास नव्हता. मी स्वतः हुंगून बघितलं. आणि वास नसतानाही वायू असतो, हे आम्हा अडाणी माणसांना कधी कुणी सांगितलंच नाही. मॅनेजर म्हणाला, एकदम बरोबर बोललास. कुणाचीच चूक नाही ठरणार."

तो जेवत होता. कालवून, मचमच आवाज करत. त्याच्या हनुवटीवरून रस ओघळला तो त्याने मनगटाने पुसला आणि मनगट चाटलं. नाकवाली त्याच्याकडे बघत राहिली. आजवर तिला त्याच्या अंगाची घाण आली होती. आज पहिल्यांदा त्याचीच आली.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. "याच ताटावर."

तो थांबला. "ते काय सांगणं होतं? बायको जेवताना शंभर गोष्टी सांगते."

"त्याच्या बायकोला काय सांगायचं मग? की कुणालाच माहीत नव्हतं?"

"तो गेला तो परत येणार आहे का?" त्याने ताट पुढे केलं. "भात वाढ."

तिने भात वाढला नाही. सकाळी ती चौकशी अधिकाऱ्याकडे गेली आणि जे होतं ते सांगून आली: मी नवऱ्याला आधी सांगितलं होतं.

तिला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर मोकळं वाटेल. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः तिच्या घरी आला. नवरा बाहेर गेला होता. मॅनेजर आत आला तसा खोलीभर अत्तराचा घमघमाट सुटला. जाईचा. त्याच्या खाली काय असतं ते तिला पाठ होतं.

"ताई, तुमचं कौतुक करायला आलो," तो म्हणाला. "एवढं धैर्य कोण दाखवतं? मुकादमाला धोका माहीत होता आणि त्याने आम्हाला अंधारात ठेवून माणूस उतरवला, हे तुमच्यामुळे कळलं. कारखान्यावरचं किटाळ टळलं. तुमच्या घरची काळजी आम्ही घेऊ. तुमचे यजमान काही दिवस आत जातील, तेवढंच."

परवा नवऱ्याने हात झटकले होते, आज हा नवऱ्याला चिरडून झटकत होता, आणि चिरडायला दगड तिनेच आणून दिला होता. तिने दार उघडून धरलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "मला उलटी होईल."

मॅनेजर हसत हसत गेला. त्याला वाटलं, बाई हळवी झाली. तो गेल्यावर ती खरंच मोरीशी जाऊन ओकली. मग खिडक्या उघडल्या, तो बसला होता ती खुर्ची घासून धुतली, उन्हात टाकली.

नवरा आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं, तिने दिलेला जबाबही. तो उठून अंगावर येतो की काय असं तिला वाटलं. पण तो भिंतीला टेकून खालीच बसला. मग म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं."

"कुणाला?"

"मॅनेजरला. तू सांगितलंस ना, त्याच आठवड्यात. म्हटलं, बायको असं असं म्हणते, ते खिशातलं यंत्र असतं तर बरं. तो म्हणाला, बायकोच्या नाकावर कारखाना चालवायचा काय? सगळे हसले. मीही हसलो."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"नोकरी." त्याने मान खाली घातली. "तो म्हणाला, तू सांभाळ, मी तुला सांभाळतो."

नाकवालीला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. हसलेला तो चेहराच तिला दिसत राहिला, आणि उन्हात उघडलेला तो हौद. सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या बाईंना माहीत होतं, त्यांनी वर कळवलं. वरच्यांनी बाजूला ठेवलं. तिला माहीत होतं, तिने ताटावर सांगितलं. नवऱ्याला माहीत होतं, मॅनेजरला माहीत होतं. जो आत उतरला, त्याला तेवढं कुणी सांगितलं नाही.

"उठा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चला. हसलात तेसुद्धा सांगायचं."

तो रडकुंडीला आला, पण उठला. अधिकाऱ्यासमोर त्याने सगळं सांगितलं, अडखळत, पुन्हा पुन्हा घाम पुसत. ज्या कामगाराची कॉलर त्याने ओढली होती, त्यानेही साक्ष दिली की मॅनेजरसमोरचं हसणं त्याने ऐकलं होतं. थोरल्या बाईंना बोलावलं गेलं. त्यांनी हौदाच्या पिशवीचा आकडा सांगितला आणि कुणाला कधी कळवलं तेही. सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर त्या नाकवालीला म्हणाल्या, "मी जाऊन झाकणावर बसायला हवं होतं."

मॅनेजरवर खटला उभा राहिला आणि मुकादमावरही. मॅनेजरला शिक्षा झाली, पण जामिनावर सुटून तो अपिलात गेला. अजून तो मोकळाच फिरतो. मुकादमाला थोडी शिक्षा झाली आणि नोकरी गेली. लंबूच्या बायकोला भरपाई मिळाली. कारखाना काही महिने बंद राहून पुन्हा सुरू झाला. आता हौदावर पंखा आहे, आणि उतरणाऱ्याच्या छातीवर यंत्र असतं. वास तसाच येतो.

नाकवाली लंबूच्या बायकोकडे एकदा गेली आणि अंगठी काळी का पडली ते तिला सांगितलं. कोण कोण काय जाणून होतं तेही सांगितलं, स्वतःला न वगळता. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही त्यांना घरात कधी घेतलं नाहीत." चहा न घेता नाकवाली परत आली.

नवरा सुटून आला तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. तिने सांगितलं नाही, त्यानेच अंथरूण तिकडे नेलं. आता तो एका गोदामात पोती मोजतो. त्याच्या अंगाचा तो जुना वास कधीच गेला. पण त्याचं नाकही गेलं, त्या दिवशी काठावर जे बधिर झालं ते परत आलंच नाही. काही जणांचं महिन्याभरात येतं, डॉक्टर म्हणाले, काही जणांचं नाही. त्याला जेवणात चव लागत नाही. तरी जेवतो, भरभरून, लाकडाचा भुसा चावावा तसा.

परवा ती कामावरून आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून कालचं कालवण खात होता. पातेल्यावर बुरा चढला होता, उंबऱ्यापासून तिला आंबूस घाण आली. तो मात्र आरामात घास घेत होता, ओठांच्या कडेला पांढरी बुरशी लागलेली.

"थुंका," ती ओरडली. "थुंका ते!"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने मोरीत थुंकला. तिने पातेलं हातभर लांब धरून बाहेर नेलं, तोंड फिरवून ओतलं आणि राखेने घासत बसली. आतून त्याने विचारलं, "फार घाण येत होती का गं?"

तिने राखेची आणखी एक मूठ घेतली. पातेल्याची कड अजून चिकट लागत होती.